कडेचा उजेड

मी एक स्फटिक बोलतोय. अंगाने मी तुमच्या कापलेल्या नखाएवढाही नाही, पण म्हणून कान लावून ऐकावं लागेल अशी काळजी करू नका. आवाज माझा खणखणीत आहे. बाहीवर पडलो तर तुम्ही मला कोंडा समजून झटकाल. एका शहाण्याने मला फुंकर मारून उडवायचा सल्ला दिलाच होता. मी उडालो नाही. त्याचीच ही हकिकत.

स्फटिक म्हटलं की तुम्हाला मीठ आठवतं, तुरटी आठवते, फार तर गारगोटी. आमचं घराणं निराळं. कोळसा, कापडाचे रंग, प्लॅस्टिक ही आमची भावकी, म्हणजे सगळे कार्बनवाले. त्यातही आम्ही अर्धवाहक. वीज धड वाहू देत नाही आणि धड अडवतही नाही. ही गादी पिढ्यानपिढ्या सिलिकॉन आणि त्याच्या टणक सोयऱ्यांकडे. आम्ही पडलो मऊ, नखाचा ओरखडा उठेल असे. आमच्यापासून इवलासा लेसर बनवायचा असं कुणी म्हणालं की त्या टणक मंडळींची माणसं गालातल्या गालात हसतात. म्हणतात, "हे? हे तर उजेडात ठेवले की विटतात!"

हो, विटतो. मग? तुम्ही विटत नाही?

जन्म माझा एका नळीत झाला. लांबलचक काचेची नळी, टेबलावर आडवी, एका टोकाभोवती तापणाऱ्या तारेची वेटोळी. नळीत काचेचीच एक छोटी होडी आणि होडीत पिवळट पावडर. ती पावडर म्हणजे जन्माआधीचा मी. नळीतून वायू सोडायचा तोही इतका हलका, की झोपलेल्या बाळाचा श्वास त्याहून जोरात चालावा. पावडर तापते, तिची वाफ होते, वाफ वायूसोबत नळीच्या गार टोकाकडे निघते आणि तिथे काचेवर पापुद्रे धरतात. त्यातला एक पापुद्रा मी.

माझ्या आत रेणू उभे आहेत. दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून, सगळे ताठ. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण ह्या ताठपणावरून आहे.

ही नळी म्हणजेच त्यांची भट्टी, आणि ती एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. खिडकीला काळा पडदा, मधोमध भलंमोठं लोखंडी टेबल, त्याच्या पृष्ठभागावर ओळीने भोकं आणि भोकाभोकांत बोल्ट कसून बसवलेले आरसे आणि भिंगं. दाराबाहेर चपलांची रांग. खोलीत माणसं तीन.

पहिली चिमटाबाई. हे नाव मी ठेवलेलं नाही, तिच्या हातात सदान्‌कदा चिमटा असायचा म्हणून सगळेच तिला तसं म्हणत. प्रत्यक्षात ती आम्हाला चिमट्याने उचलायचीच नाही, आम्ही तुटतो. काडीच्या टोकाला तिने स्वतःच्या पापणीचा एक केस चिकटवला होता आणि त्या केसाने ती आम्हाला हलकेच सरकवायची. चार वर्षं ती आमच्या मागे होती. तिची पदवी, पुढची नोकरी, घरच्यांनी काढलेली कळ, सगळं आमच्यावर टेकलेलं.

दुसरा गॉगल. हा लेसरवाला. डोळ्यांचं रक्षण करणारा नारिंगी चष्मा तो चहा पितानाही काढत नसे. लोखंडी टेबल त्याचं राज्य. त्यावरचा एखादा आरसा कुणी केसभर हलवला तर हा दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

आणि तिसरे सर. सरांनी सगळी हयात आमच्या जातीत घालवली होती आणि तरीही त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता. खरं तर त्यांचा कशावरच नव्हता. दाराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन कुलूप ओढून बघत. स्वतःच लिहिलेला आकडा चष्मा वर करून, खाली करून, पुन्हा वाचत. माणूस वाईट नव्हता. त्यांना एकच भीती होती: आपण "सापडलं" म्हणून ओरडायचं आणि जगाने येऊन बघावं तर काहीच नसावं.

आता आमची निवड कशी व्हायची ते सांगतो. भट्टीतून निघालेल्या एका खेपेला ते लोक घाणा म्हणत. घाणा निघाला की आम्हाला काचपट्टीवर मांडायचं, वर जांभळट अतिनील दिवा धरायचा आणि मायक्रोस्कोपमधून वरून बघायचं. जो तोंड भरून चमकला तो पास. जो मंद दिसला तो एका तपकिरी बाटलीत. तिला त्यांनी परतीची बाटली असं नाव ठेवलं होतं. पावडर बनवायला फार कष्ट पडतात, तेव्हा टाकायचं काहीच नाही. बाटली भरली की ती होडीत रिकामी करायची, होडी पुन्हा नळीत, पुन्हा वाफ, पुन्हा नवा घाणा. हिशेबाला एकदम चोख पद्धत. आमच्या बाजूने बघा म्हणजे कळेल. ज्याला नीट पाहिलंच नाही त्याला वितळवून सांगायचं, आता पुन्हा जन्म घे आणि ह्या खेपेला चांगला हो.

मी परतीच्या बाटलीत होतो. अंधारात, माझ्यासारख्याच मंद ठरलेल्यांच्या गर्दीत. आणि आम्ही मंद नव्हतो हो! आमच्या अंगाखांद्यातून उजेड नुसता सळसळत होता. पण उभा, ताठ रेणू उजेड वर फेकत नाही. तो आडवा फेकतो. तो उजेड अंगातल्या अंगात धावत सरळ कडेला जातो आणि तिथून बाहेर पडतो. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? काळपट टिकली. उलट ज्यांच्यात रेणू वेडेवाकडे लवंडलेले, ज्यांच्या पाठीवर ओरखडे, त्यांचा उजेड वाटेतच वर सांडायचा, आणि ते पास! आतून धड नसलेले निवडून निवडून, जपून जपून, हे लोक चार वर्षं त्यांच्यातून लेसर निघायची वाट बघत होते.

एका सकाळी सर चिमटाबाईच्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. आधी हवेबद्दल बोलले. मग भट्टीच्या आवाजाबद्दल. तेव्हाच मला समजलं की काहीतरी वाईट बोलायचंय.

"हा पदार्थ आपण थांबवू या," ते म्हणाले. "हा शेवटचा घाणा. मग नळी धुऊन दुसरा पदार्थ घे. तो वरून छान चमकतो."

"सर, माझी चार वर्षं..."

"ती माझ्या डोक्यात नाहीत असं वाटतं का तुला? म्हणूनच म्हणतो, पाचवं नको घालवूस."

सर गेले. परत आले. "भट्टीचा वायू आधी सोड हं, मग गरम कर," असं म्हणाले, जणू तिला ठाऊक नव्हतं, आणि मग खरंच गेले.

तिने परतीची बाटली काचपट्टीवर उपडी केली. पट्टी होडीवर तिरकी धरून टिचकी मारली. बाकीचे सगळे घरंगळत होडीत पडले. मी पडलो नाही. बाटलीत घासून घासून माझ्या अंगात थोडी वीज साठली होती, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तशी. मी काचेला घट्ट धरून बसलो. तिने पुन्हा टिचकी मारली. मी पुन्हा नाही म्हणालो.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

"फुंकर मार की," गॉगल पलीकडून म्हणाला. "एका कोंड्यासाठी काय एवढं!"

"कोंडा तुझ्या डोक्यात. थांब, माझा केस कुठे गेला?"

केसाची काडी सापडेना. तिने मला पट्टीसकट टेबलावर ठेवलं. अतिनील दिवा तसाच चालू. होडी नळीत सरकवली, वायू सोडला आणि भट्टीचं बटण दाबलं. ती तापायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या सासूबाई होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेर सगळ्या खोलीत ऐकू यायचा.

"अगं, जेवलीस का?"

"आई, कामात आहे."

"कामात तू चार वर्षं आहेस. जेवलीस का ते विचारतेय."

"नाही. सरांनी बंद करायला सांगितलंय. हा शेवटचा घाणा."

पलीकडून जरा हळू आवाजात, "म्हणजे तो तुझा दगड गेला म्हण."

"दगड नाही हो आई. स्फटिक."

"तेच ते. रडतेस का?"

"नाही."

"मग नाक का ओढतेस? हे बघ, समोर टेबल आहे ना? डोकं टेक त्यावर. पाच मिनिटं. मी फोनवर थांबते. कुणी आलं तर सांग, सासू आजारी आहे."

"तुम्ही आजारी आहात?"

"मी ठणठणीत आहे. तुला कारण नको का!"

चिमटाबाई हसली, आणि मग तिने खरंच टेबलावर गाल टेकला. माझ्यापासून हातभर अंतरावर. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतल्या माणसाचा डोळा माझ्या पातळीला आला.

तिला काय दिसलं असेल ते मी सांगू शकतो, कारण ते मीच तिच्याकडे फेकत होतो. काचेवर एक हिरवी रेघ. सुईसारखी बारीक आणि डोळ्यांत घुसेल इतकी तेज. तिने मान थोडी वर उचलली, रेघ गेली, काळपट टिकली राहिली. गाल पुन्हा टेकला, रेघ पुन्हा हजर.

"आई," ती पुटपुटली.

"काय गं? लागली का झोप?"

"आई, तो चमकतोय."

"कोण?"

"दगड!"

आणि फोन तसाच टाकून ती भट्टीकडे धावली. बटण बंद. होडी नुसती कोमट झाली होती. माझे सगळे मंद भाऊबंद तिच्यात जसेच्या तसे. फोनमधून सासूबाई ओरडत होत्या, "अगं पण जेवून घे!"

इथे गोष्ट संपली असं वाटत असेल तर तुम्ही सरांना ओळखलं नाहीत.

सर आले. होडी बाहेर बघून कपाळाला आठी. तिने घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्याच मायक्रोस्कोपला डोळा लावला, वरून बघितलं आणि म्हणाले, "मंद आहे."

"कडेने बघा ना सर."

"कडेने उजेड येतोय म्हणजे तो गळतोय. गळक्या नळाला आपण कारंजं म्हणायचं का?"

गळती म्हणे! मी काचेवर चिकटून होतो म्हणून, नाहीतर त्यांच्या चष्म्यावर जाऊन बसलो असतो. लेसर म्हणजे तरी काय असतं? समोरासमोर दोन आरसे. त्यांच्यामध्ये उजेडाच्या येरझारा. दर फेरीला वाटेतला आणखी उजेड सोबतीला, सगळा एका पावलात, आणि मग आरशाच्या फटीतून बाहेर उडी. माझ्या दोन समोरासमोरच्या कडा म्हणजेच ते आरसे. निसर्गाने घासूनपुसून दिलेले. बाहेर पडायचं दार कडेलाच असणार की! वर नसणार.

हे मी म्हणत होतो. सुदैवाने चिमटाबाईही जवळजवळ हेच म्हणाली. पण गॉगलच्या टेबलावर उजेड टिपणारं यंत्र वरच्या बाजूला बोल्ट कसून बसवलेलं.

"माझ्या बोल्टला हात लावलास ना," गॉगल म्हणाला, "तर मी तुझ्या भट्टीत उडी मारेन. सांगून ठेवतो."

"तुझं यंत्र तिथेच राहू दे. मला आरशाचा एक तुकडा दे."

"किती मोठा?"

"तुझ्या मनाएवढा."

"म्हणजे पुरणार नाही," तो म्हणाला आणि फुटक्या आरशांच्या डब्यातून एक कपची काढून दिली. तिने ती माझ्या कडेशी तिरकी उभी केली, म्हणजे माझा आडवा उजेड तिच्यावर आपटून वर यंत्रात जाईल. पट्टीखाली एक पाचर सारली, कारण उभे रेणू सरळ वरून आलेला झोत पीतच नाहीत, तिरका लागतो. मग सगळ्यांनी चष्मे चढवले आणि गॉगलने माझ्यावर लेसरचे ठोके सोडायला सुरुवात केली.

पहिले ठोके हलके. यंत्राच्या पडद्यावर एक पसरट टेकडी दिसली. नुसता साधा उजेड. त्याने जोर वाढवला. टेकडी उंच झाली, इतकंच. सर म्हणाले, "बघ."

आणखी जोर. मला अंगात काहीतरी सुटल्यासारखं झालं. उजेडाचा एक कण ह्या कडेवरून निघाला, त्या कडेला आपटला, परत फिरला, आणि वाटेत ज्या ज्या रेणूला शिवला तो तो त्याच्यासोबत निघाला. कुणी मागे राहिलं नाही, कुणी पुढे पळालं नाही. अख्खी गर्दी एका ठेक्यात. पडद्यावरची टेकडी फुटली आणि तिच्यातून ओळीने सुया उभ्या राहिल्या.

गॉगलने चष्मा काढला. त्याचे डोळे तपकिरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. "अरे बापरे," तो म्हणाला, आणि चिमटाबाईने ओरडून त्याला चष्मा घालायला लावला.

सर हसले नाहीत. "सुयांचं काय, डोळ्यांना हवं ते दिसतं," ते म्हणाले. "खऱ्या लेसरमध्ये दोन सुयांमधलं अंतर स्फटिकाच्या लांबीवरून ठरतं, लांबी जास्त तर अंतर कमी. तू लांबी मोज. त्यावरून अंतर काढ. ते फळ्यावर लिही. मग पडद्यावर बघ. आधी उत्तर बघून मागून गणित करायचं नाही. माणूस स्वतःला फार सहज फसवतो."

ते खरं बोलले. मला राग आला, पण ते खरं होतं.

तिने पडदा झाकला, माझी लांबी मोजली, फळ्यावर आकडा लिहिला. पडदा उघडला. जुळेना! सुयांमधलं अंतर हवं त्याच्या दुप्पट.

मी काचेवर ओरडत होतो, अहो बाई, बाजू बघा, बाजू! सर परत जायला वळले. दारापर्यंत गेले. आणि कुलूप ओढून बघायला परत यावं तसे परत आले.

"आरसा कुठल्या कडेला लावलायस?"

"ह्या. ही जास्त चमकते."

"आणि लांबी कुठल्या बाजूची मोजलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे. घाईत तिने माझी लांब बाजू मोजली होती. उजेड तर आडव्या, आखूड बाजूने येरझारा घालत होता. लांब बाजू आखूड बाजूच्या दुप्पट. ती डोक्यावर हात मारून खडू घ्यायला धावली.

"नको," सर म्हणाले. "आता उत्तर आपल्याला माहीत आहे. आता जुळलं तर मला ते पटायचं नाही. झोप लागायची नाही मला. दुसरा स्फटिक घे."

"दुसरा? बाकीचे सगळे मंद आहेत," गॉगल म्हणाला.

मग तिघांनी एकदम होडीकडे बघितलं.

त्या दुपारी होडी काचपट्टीवर रिकामी झाली आणि चिमटाबाई जमिनीवर गुडघे टेकून, हनुवटी टेबलावर ठेवून, एकेकाला कडेने बघत गेली. एक हिरवी रेघ. दुसरी. त्यापुढे एकदम तीन. मंद म्हणून वितळवायला काढलेली माझी सगळी भावकी तिथे रांगेने पेटली होती. तिने त्यातला एक सरळ कडांचा उचलला, आखूड बाजू मोजली, पडदा झाकून फळ्यावर आकडा लिहिला आणि पडदा उघडला.

सरांनी फळा वाचला. पडदा वाचला. चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा फळा वाचला. मग खडू घेऊन स्वतः गणित केलं. जुळलं होतं.

"लेसर बंद कर," ते गॉगलला म्हणाले. मग चिमटाबाईला, "तो पहिला, चिकटून राहिलेला, कुठे आहे? मला दाखव."

तिने मला दिव्याखाली ठेवलं. सर सवयीने मायक्रोस्कोपकडे वळले, आणि थांबले. त्यांची कंबर धरलेली असते, हे सगळ्यांना माहीत होतं. गॉगल खुर्ची घेऊन पुढे झाला. सरांनी हाताने नको म्हटलं. टेबलाची कड धरली, एक गुडघा खाली टेकवला, कट्‌कन आवाज आला, मग दुसरा. "आई गं," म्हणाले. मग पांढरी दाढी टेबलाला लागेपर्यंत खाली आले आणि त्यांचा म्हातारा, संशयी डोळा माझ्यासमोर उघडला.

मी होतं नव्हतं ते सगळं त्यांच्याकडे फेकलं.

न वळता त्यांनी विचारलं, "किती बाटल्या परत भट्टीत घातल्या आपण?"

चिमटाबाईला आकडा ठाऊक होता, पण तिने तो दिला नाही.

आता माझी अवस्था सांगतो आणि थांबतो. ठोके खाऊन खाऊन माझ्या मधोमध एक करपलेला पट्टा उमटलाय. हवेतला प्राणवायू रोज थोडा थोडा मला खातो. वीज आत सोडायला माझ्या दोन टोकांना आता सोन्याचे पातळ ठसे बसवलेत, कारण चिमटाबाईला पुढचं हवंय: लेसरने लेसर पेटवण्यात काय मोठेपणा, हा विजेवर पेटला पाहिजे. आमच्या जातीत ते फार अवघड आहे. सरांना काळजी वाटते. ते म्हणतात, ह्याला काचेच्या पेटीत ठेवू, हा पहिला आहे.

मला पेटीत ठेवू नका. कौतुकाने वरून बघायला माणसं येतील आणि म्हणतील, मंद आहे. मला वीज द्या. जळलो तर जळलो, पेटलो तर तुम्हाला चष्मे शोधावे लागतील. माझ्यामागे रांगेने उभे आहेत ते सगळे माझ्याच घाण्यातले, आणि आता एकही परतीच्या बाटलीत जाणार नाही.

त्या मऊ, विटणाऱ्या, कोंड्यासारख्या जातीचा निकाल तुम्हाला लावायचाच असेल तर जरूर लावा. पण माझी एक अट आहे, आणि ती सरांनाही पाळावी लागली.

आधी वाका.